एका भेगेची किंमत
विमानाची देखभाल आणि सुटलेला ताबा

मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारी विमाने ठाणे खाडी ओलांडण्यापूर्वी नवी मुंबईच्या कोपरखैरणे-वाशी पट्ट्यावरून खाली येत जातात. कोपरखैरण्यापासून ही धावपट्टी हवाई अंतराने सुमारे १२ ते १३ किलोमीटरवर आहे. उतरणीचा नेहमीचा तीन अंशांचा कोन धरला तर या वेळी विमानाची उंची साधारण ६०० ते ७०० मीटर भरते. पंखांमागची फ्लॅप नावाची फळी खाली सरकत असते, चाके बाहेर येण्याच्या बेतात असतात आणि शेपटीकडची लहानशी पाती अविरत हलून विमानाचे नाक योग्य कोनात राखत असतात. या हालचालींमागे अनेक मीटर नळ्या, तारा, पंप, स्क्रू आणि बिजागऱ्या काम करतात. त्यातला एखादा भाग कामातून गेला तर काय होते, याची उत्तरे मुंबईच्या हवाई इतिहासातही आहेत आणि जगाच्याही.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या स्वतःच्या विमानतळाचे उद्घाटन झाले व २५ डिसेंबर २०२५ रोजी तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. खाडीच्या दोन्ही बाजूंना विमानतळ असलेल्या या महानगरात विमानांची देखभाल हा विषय आता केवळ तज्ज्ञांपुरता उरलेला नाही.

ताबा म्हणजे नेमके काय?

विमान हवेत तीन प्रकारे वळते. नाक वर-खाली करण्यासाठी शेपटीच्या आडव्या भागावर 'एलेव्हेटर' असतात. नाक डावी-उजवीकडे नेण्यासाठी उभ्या शेपटीवर 'रडर' असतो. विमान एका अंगावर कलवण्यासाठी पंखांच्या टोकांजवळ 'एलेरॉन' असतात. लहान विमानांत वैमानिकाच्या हातातील दांडा पोलादी तारांनी या पात्यांशी थेट जोडलेला असतो. मोठ्या जेट विमानांत मात्र हवेचा दाब एवढा असतो की मनुष्याच्या बळाने ही पाती हलत नाहीत. त्यासाठी हायड्रॉलिक यंत्रणा, म्हणजे नळ्यांमधून उच्च दाबाने खेळवलेले तेल वापरतात. आधुनिक विमानांत वैमानिकाची आज्ञा विजेच्या संकेतांनी जाते. पण बहुतेक ठिकाणी पाते प्रत्यक्ष हलवणारा हात हायड्रॉलिकचाच असतो.

एवढ्या महत्त्वाच्या यंत्रणेची मदार एकाच नळीवर ठेवणे धोक्याचे, म्हणून विमानात दोन, तीन वा चार स्वतंत्र हायड्रॉलिक यंत्रणा बसवतात. एक निकामी झाली तर दुसरी काम करते. ही रचना अतिशय विश्वासार्ह आहे. मात्र तिचे एक गृहीतक आहे : सर्व यंत्रणा एकाच वेळी, एकाच कारणाने निकामी होणार नाहीत. निष्काळजी देखभाल नेमके हे गृहीतक मोडते. एकच चुकीची दुरुस्ती किंवा नजरेतून सुटलेली एकच भेग चारही यंत्रणांना एका फटक्यात गारद करू शकते.

सांताक्रूझ, १२ ऑक्टोबर १९७६

या प्रकारची एक दारुण घटना मुंबईतच घडली. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी रात्री इंडियन एअरलाइन्सचे मद्रासला जाणारे १७१ क्रमांकाचे उड्डाण सांताक्रूझ विमानतळावरून निघाले. या उड्डाणासाठी आधी बोइंग ७३७ जातीचे विमान ठरले होते. त्याच्या इंजिनात दोष आढळल्याने ते बाजूला ठेवण्यात आले आणि प्रवाशांना 'कॅराव्हेल' जातीच्या दुसऱ्या जेट विमानात बसवण्यात आले. विमानात ८९ प्रवासी आणि ६ कर्मचारी होते. मल्याळी चित्रपट अभिनेत्री राणी चंद्रा या प्रवाशांपैकी एक होत्या.

विमानाने धावपट्टी २७ वरून, म्हणजे समुद्राच्या दिशेने, उड्डाण केले. (धावपट्टीचा क्रमांक तिची दिशा सांगतो : २७ म्हणजे २७० अंश, पश्चिम; ०९ म्हणजे ९० अंश, पूर्व.) थोड्याच वेळात दुसऱ्या क्रमांकाचे इंजिन निकामी झाले. दोन इंजिनांचे विमान एका इंजिनावर उतरवणे हे प्रत्येक वैमानिकाच्या प्रशिक्षणात असते. त्यानुसार वैमानिकांनी विमान वळवले आणि धावपट्टी ०९ वर उतरण्यासाठी ते पश्चिमेकडून परत आणले. धावपट्टी काही क्षणांच्या अंतरावर राहिली असताना, जमिनीपासून सुमारे ३०० फुटांवर, विमानाचे नाक एकाएकी खाली झुकले आणि विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले. सर्व ९५ जण मृत्युमुखी पडले.

इंजिनाच्या उच्चदाब कॉम्प्रेसरमधील दहाव्या टप्प्याच्या चकतीत 'फॅटिग' भेग होती, असे चौकशीत निष्पन्न झाले. फॅटिग म्हणजे धातूची थकावट. तार हाताने वारंवार वाकवली की ती कोणताही मोठा जोर न लावता तुटते. त्याचप्रमाणे प्रत्येक उड्डाणात ताण घेणारी आणि सोडणारी चकती आतून सूक्ष्मपणे चिरत जाते. भेग केसाएवढी असताना इंजिन उत्तम चालते. आवाज बदलत नाही की कॉकपिटमध्ये दिवा लागत नाही. मग एखाद्या उड्डाणात, पूर्ण शक्ती लावली असताना, चकती फुटते.

वेगाने फिरणाऱ्या चकतीचे तुकडे इंजिनाचे कवच फोडून बाहेर पडले. त्यांनी इंधनाच्या नळ्या तोडल्या आणि आग लागली. कॅराव्हेलची इंजिने पंखांखाली नसून धडाच्या मागच्या भागाला, शेपटीजवळ जोडलेली होती. तेथील आगीत हायड्रॉलिक तेल नाहीसे झाले. या विमानाची नियंत्रणे याच तेलाच्या दाबावर चालत असल्याने वैमानिकांच्या हाती उरले ते केवळ निर्जीव दांडे. इंजिन बंद पडणे हे अपघाताचे निमित्त. ताबा सुटणे हे मृत्यूचे कारण.

या घटनेतील विसंगती विचारात पाडणारी आहे. सदोष विमान उडवायचे नाही, हा निर्णय त्या रात्री झाला होता आणि तो योग्य होता. परंतु त्याच्या जागी आलेल्या विमानातील दोष कोणाच्याही डोळ्यांना दिसणारा नव्हता. दिसणाऱ्या बिघाडाची काळजी सर्वच घेतात. देखभालीची खरी कसोटी न दिसणाऱ्या बिघाडापाशी लागते. म्हणूनच अशा चकत्यांना ठरावीक आवर्तनांचे आयुष्य नेमून दिलेले असते. तोवर रंगद्रव्ये, चुंबक, स्वनातीत ध्वनिलहरी यांच्या साह्याने त्या तपासतात आणि आयुष्य संपले की बाहेरून कितीही ठणठणीत वाटली तरी चकती काढून टाकतात.

जी आग मुंबईत, तीच कथा आयोवात

तेरा वर्षांनी, १९ जुलै १९८९ रोजी, अमेरिकेत याच कथेची मोठी आवृत्ती घडली. युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतील इंजिनाची पंख्याची चकती फुटली. चकती घडवतानाच धातूत राहिलेल्या दोषातून वाढलेली भेग तपासणीत हेरली गेली नव्हती. तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणांच्या नळ्या कापल्या. कप्तान अल हेन्स व सहकाऱ्यांनी, योगायोगाने प्रवासी म्हणून विमानात असलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाच्या मदतीने, केवळ उरलेल्या दोन इंजिनांची शक्ती कमी-अधिक करत विमान आयोवा राज्यातील सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. विमानातील २९६ पैकी १८४ जण वाचले. कॅराव्हेलच्या वैमानिकांजवळ तेवढी उंची नव्हती आणि तेवढा वेळही नव्हता.

वंगणाचा डबा आणि ८८ प्राण

ताबा सुटण्यासाठी स्फोटच व्हावा लागतो असे नाही. ३१ जानेवारी २००० रोजी अलास्का एअरलाइन्सचे एमडी-८३ विमान मेक्सिकोहून सॅन फ्रान्सिस्कोकडे येत असताना कॅलिफोर्नियाजवळ प्रशांत महासागरात कोसळले. विमानातील सर्व ८८ जण मरण पावले. दोष होता शेपटीचा आडवा पंख वर-खाली करणाऱ्या 'जॅकस्क्रू'मध्ये. हा एक जाडजूड स्क्रू. तो एका नटमधून फिरतो. या नटचे आटे झिजून पार कापले गेले होते. कारण अत्यंत सामान्य होते : वंगण नव्हते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाच्या तपासात हा प्रवास टप्प्याटप्प्याने उलगडला. कंपनीने वंगण घालण्याच्या दोन वेळांमधील अंतर वाढवत नेले होते. आट्यांची झीज मोजण्याच्या तपासण्यांमधील अंतरही वाढले. या वाढीला नियामकाची मान्यता होती. सप्टेंबर १९९७ मध्ये याच विमानाच्या जॅकस्क्रूची झीज मोजली असता ती नेमकी कमाल मर्यादेवर आली. तंत्रज्ञाने नट बदलण्याची शिफारस केली. पुढच्या पाळीत मोजमाप पुन्हा झाले, आकडा मर्यादेच्या आत आला आणि जुन्याच नटसह विमान सेवेत परतले. त्यानंतर झीज मोजण्याची वेळ येण्याआधीच अपघात झाला.

या प्रकरणात कोणी एकाने मोठा गुन्हा केला असे दिसत नाही. वेळापत्रकात थोडी सूट, मोजमापाला थोडी सवलत, वंगण घालण्यात थोडी घाई, अशा प्रत्येक निर्णयाला त्या-त्या वेळी कागदावर आधार होता. 'एवढ्याने काय होते' या वृत्तीची बेरीज शेवटी ८८ प्राणांएवढी झाली.

दुरुस्तीच जेव्हा घातक ठरते

देखभाल न करण्याइतकीच चुकीची देखभालही धोकादायक. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपान एअरलाइन्सचे बोइंग ७४७ विमान डोंगरावर कोसळून ५२० जण ठार झाले. केवळ चौघी वाचल्या. एकाच विमानाच्या अपघातातील ही जगातील सर्वाधिक प्राणहानी आहे. या विमानाची शेपटी १९७८ मध्ये उतरताना धावपट्टीवर घासली होती. त्यानंतर मागच्या दाबरोधक भिंतीची दुरुस्ती करताना जोडपट्टी अखंड बसवण्याऐवजी तुकड्यांत बसवली गेली. परिणामी रिव्हेटच्या ज्या रांगांनी भार वाटून घ्यायचा, त्यातल्या एकाच रांगेवर तो आला. सदोष जोड सात वर्षे आणि बारा हजारांहून अधिक उड्डाणे टिकला. मग भिंत फुटली, आतील हवेच्या झोताने उभ्या शेपटीचा मोठा भाग उडवला आणि चारही हायड्रॉलिक यंत्रणा रिकाम्या झाल्या. सुमारे ३२ मिनिटे वैमानिक ताबा नसलेले विमान सावरत राहिले.

२५ मे १९७९ रोजी शिकागो येथे कोसळलेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाची कथा श्रम वाचवण्याच्या मोहाची आहे. इंजिन आणि ते पंखाला जोडणारा खांब वेगवेगळे उतरवायचे, अशी उत्पादकाची सूचना होती. वेळ वाचावा म्हणून दोन्ही एकत्रच फोर्कलिफ्टवर उतरवण्याची पद्धत रूढ झाली. त्यात जोडाला तडा गेला. काही आठवड्यांनी उड्डाणाच्या क्षणी इंजिन खांबासह निखळले, जाताना त्याने हायड्रॉलिक नळ्या तोडल्या आणि डाव्या पंखाच्या पुढच्या पट्ट्या आत गेल्या. जमिनीवरील दोघांसह २७३ जण मृत्युमुखी पडले.

८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेतील शार्लट येथे १९ आसनी बीचक्राफ्ट १९०० विमान पडून २१ जण ठार झाले. दोन रात्रींपूर्वी एलेव्हेटरच्या तारांचा ताण जुळवताना तंत्रज्ञाने पुस्तिकेतील काही पायऱ्या गाळल्या होत्या. तो हे काम या जातीच्या विमानावर प्रथमच करत होता. काम संपल्यावरची चाचणीही झाली नाही. पाते खाली जाण्याची कक्षा त्यामुळे आखडली. नंतरची काही उड्डाणे निर्विघ्न पार पडली. पण मागे जास्त भार असलेल्या उड्डाणात नाक खाली आणण्याएवढी ताकद पात्यात उरली नव्हती.

११ नोव्हेंबर २०१८ रोजी पोर्तुगालमध्ये एअर अस्तानाचे एम्ब्रेअर विमान मोठी दुरुस्ती करून निघाले ते एलेरॉनच्या तारा उलट्या जोडलेल्या अवस्थेत. डावीकडे वळवावे तर विमान उजवीकडे कलू लागे. दुरुस्तीदरम्यान संगणकाने दोषाचा इशारा दिला होता. तो घालवण्याच्या खटाटोपात मूळ चूक तशीच राहिली. विमानातील सहाही जण वाचले ते वैमानिकांच्या विलक्षण संयमामुळे.

वांद्र्याचा समुद्र, १ जानेवारी १९७८

ताबा सुटण्याचा आणखी एक प्रकार म्हणजे पाती ठीक असणे, पण वैमानिकाला विमानाची खरी स्थिती न कळणे. १ जानेवारी १९७८ रोजी दुबईला निघालेले एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे बोइंग ७४७ विमान उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. विमानातील सर्व २१३ जण मरण पावले. समुद्रावर रात्र होती, क्षितिज दिसत नव्हते. विमान किती कलले आहे हे सांगणारे कप्तानासमोरील उपकरण बिघडून चुकीची स्थिती दाखवत राहिले. त्यावर विसंबून कप्तानाने विमान डावीकडे कलवत नेले. उपकरणाचा बिघाड आणि त्याला मिळालेला चुकीचा प्रतिसाद, दोन्ही मिळून हा अनर्थ घडला. विमान व उपकरण बनवणाऱ्या कंपन्यांवर निष्काळजीपणाचा आरोप करणारे दावे अमेरिकी न्यायालयाने १९८५ मध्ये फेटाळले.

या प्रकारात देखभालीची थेट चूक पाहायची तर पेरूमधील घटना पाहावी. २ ऑक्टोबर १९९६ रोजी एरोपेरूचे विमान रात्री समुद्रात कोसळून ७० जण ठार झाले. विमान धुताना हवेचा दाब मोजणाऱ्या छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहून गेली होती. त्यामुळे उंची आणि वेग दाखवणारी उपकरणे खोटे बोलू लागली.

घाटकोपर, २८ जून २०१८

कोपरखैरण्याच्या समोर, खाडीपलीकडे घाटकोपर आहे. २८ जून २०१८ रोजी तेथील दाट वस्तीत बांधकाम चालू असलेल्या इमारतीजवळ किंग एअर सी-९० जातीचे छोटे विमान कोसळले. विमानातील चौघे, त्यात दोन वैमानिक व दोन देखभाल कर्मचारी, आणि जमिनीवरील माणसेही मृत्युमुखी पडली. हे विमान दीर्घकाळ जमिनीवर राहिले होते आणि दुरुस्तीनंतरच्या चाचणी उड्डाणासाठी जुहूहून निघाले होते. विमान अपघात अन्वेषण ब्युरोने 'स्टॉल', म्हणजे वेग घटून पंखांची उचल संपणे, हे संभाव्य कारण मानले आणि वैमानिकांचे परिस्थितीचे भान सुटल्याचे नमूद केले. म्हणजे हा दोष थेट देखभालीचा ठरला नाही. परंतु दुरुस्तीनंतरचे पहिले उड्डाण हे सर्वसाधारण उड्डाण नसते. त्याचे हवामान, मार्ग व तयारी वेगळ्या निकषांवर ठरावी लागते, हे या घटनेने मुंबईला दाखवले.

सहीचा अर्थ

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील कारखान्यांना 'शटडाऊन' घेऊन यंत्रे उघडण्याची पद्धत परिचयाची आहे. विमानाचेही तसेच असते. फरक एवढाच की कारखान्यातले यंत्र कुरकुरू लागले तर थांबवता येते. विमानाची तपासणी थरांत होते. प्रत्येक फेरीपूर्वी नजरतपासणी. काही शे तासांनी 'ए चेक'. साधारण दीड-दोन वर्षांनी 'सी चेक'. आणि काही वर्षांनी आसने, पत्रे, अस्तरे काढून सांगाड्यापर्यंत जाणारी मोठी तपासणी. नागपूरच्या 'मिहान'मध्ये अशा कामांसाठी मोठे केंद्र उभे आहे.

भारतात या कामावर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियंत्रण आहे. १९३४ च्या विमान कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. परवानाधारक अभियंत्याच्या सहीशिवाय दुरुस्त विमान उडू शकत नाही. नियंत्रण पात्यांच्या यंत्रणेला हात लावला असेल तर एकाने केलेले काम दुसऱ्या पात्र व्यक्तीने स्वतंत्रपणे तपासावे, ही पद्धत जगभर मान्य आहे. शार्लटची घटना सांगते की दुसरी नजर नाममात्र राहिली तर पहिली चूक तशीच उडते.

जुलै २०२२ मध्ये लागोपाठ घडलेल्या बिघाडांनंतर महासंचालनालयाने अचानक तपासण्या केल्या. विमानाला उड्डाणाची मुभा देणारे पुरेसे पात्र अभियंते सर्व विमानतळांवर नसल्याचे त्यात आढळले आणि ही उणीव भरून काढण्याचे आदेश कंपन्यांना देण्यात आले. त्याच महिन्यात स्पाइसजेटला अपुऱ्या देखभालीचा उल्लेख असलेली नोटीस बजावून तिची उड्डाणे आठ आठवड्यांसाठी निम्म्यावर मर्यादित करण्यात आली.

वर उल्लेखिलेल्या बहुतेक चुका रात्री, घाईत, पाळी बदलताना किंवा सकाळच्या पहिल्या उड्डाणाच्या दडपणाखाली झालेल्या असतात. विमान उभे राहिले की कंपनीचा पैसा जातो. उडाले की मिळतो. म्हणून 'हे विमान आज जाणार नाही' असे म्हणणाऱ्या तंत्रज्ञाच्या पाठीशी कंपनी, नियामक आणि प्रवासी उभे राहणार की नाही, यावर सुरक्षिततेची भिस्त आहे. अलास्का एअरलाइन्सच्या त्या विमानाचा नट बदला, असे एका तंत्रज्ञाने लिहून ठेवले होते. त्याचे ऐकले गेले असते तर विमानाला काही दिवस उशीर झाला असता, इतकेच.

'तांत्रिक कारणामुळे उड्डाणास विलंब होत आहे' ही घोषणा विमानतळावर कोणालाच आवडत नाही. काउंटरवर आवाज चढतात, बैठका चुकतात, पुढची विमाने हुकतात. मात्र ती घोषणा होते तेव्हा कोणीतरी वेळेच्या दडपणापेक्षा पुस्तिकेतील ओळ महत्त्वाची मानलेली असते. प्रवाशाने त्या वेळी कारण विचारावे, पर्यायी व्यवस्थेचा हक्क जरूर मागावा. पण विमान आहे तसेच उडवा, असा आग्रह धरू नये.